पंजाला माती कळेना

तुमच्या हाताला मुंग्या येत असतील आणि ते तुम्ही घरात कुणाला सांगितलं नसेल, तर हे तुमच्यासाठी लिहिलंय. मी पूर्ण बरा झालोय असं म्हणणार नाही. पण स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत जातो, स्वतःच्या हातानं भाकरी मोडतो आणि हे लिहितोयही स्वतःच. फिजिओथेरपीच्या ताईंनी सांगितलंय, रोज अर्धं पान लिहा, बोटं सुटतील. अक्षर वाईट आहे. शाळेतही ते बघून गुरुजी कपाळाला हात लावायचे, तेव्हा आजारानं फार मोठं नुकसान केलेलं नाही.

आजाराची शास्त्रीय माहिती मी देणार नाही, ती डॉक्टर देतील. मी काय मूर्खपणा केला तेवढा सांगतो, कारण तो त्यांच्या पुस्तकात सापडायचा नाही.

मी कोण

मला भागात शामा पैलवान म्हणतात. वय अठ्ठावन्न. गाव कुंडलपासून जवळ, उसाच्या पट्ट्यात. थोडी बागायत, दोन म्हशी, बायको सुमन. मुलगा फौजेत आहे आणि मुलगी रेखा कराडला दिलीय.

मी कुठल्या मोठ्या तालमीचा पैलवान नव्हतो. कोल्हापूरला राहिलो नाही, कुठल्या कारखान्याच्या मानधनावर नव्हतो, कुणी मला दत्तक घेतलं नाही. गावच्या तालमीत माती उकरली, घरच्या म्हशींचं दूध प्यालो आणि यात्रांचा हंगाम लागला की लंगोट पिशवीत टाकून एसटीत बसलो. मैदानात पोचायचं, आखाड्याभोवती हात वर करून फेरी मारायची. ज्याला लढायची हौस आहे तो समोर येतो, हातात हात देतो, आणि कुस्ती लागते. अशी बावीस वर्षं काढली. सातारा-सांगली जिल्ह्यात यात्रेचं असं मैदान शोधावं लागेल जिथली माती माझ्या कानात गेली नाही. कान तर दोन्ही मोडलेले आहेत, त्यामुळे तिथं मातीला जागाही बरीच होती.

एका गोष्टीची घमेंड मला आजही आहे आणि ती मी लपवत नाही. दोघांनी आधी ठरवून लढायच्या कुस्तीला आमच्यात नुरा म्हणतात. बावीस वर्षांत मी एकही नुरा लढलो नाही. हरलो तेव्हा खरा हरलो. म्हणून लढणं थांबवल्यावर यात्रा कमिट्यांनी मला पंच म्हणून बोलवायला सुरुवात केली. शामा पैलवान पंच असला की हरणारासुद्धा गप घरी जातो, असं लोक म्हणायचे.

माझी दुसरी ख्याती म्हणजे मान. समोरच्यानं उलटा पाडला की मी डोकं आणि पाय मातीत रोवायचो आणि सगळा भार मानेवर घेऊन पाठ वर धरायचो. तालमीत त्याला ब्रिज म्हणतात. छातीवर शंभर किलोचा गडी बसलेला, आणि माझी पाठ काही टेकत नाही. लोक उभे राहून शिट्ट्या मारायचे. त्या शिट्ट्या मला फार आवडायच्या, आणि त्या मानेनंच पुढं माझा हिशोब केला.

पट्टी कुठल्या गुडघ्याला बांधायची

कुस्ती ठरली की दुखणं कुणाला सांगायचं नाही, हा आमच्यातला पहिला धडा. सकाळी घरात सांगितलेलं दुपारी टपरीवर पोचतं आणि संध्याकाळपर्यंत समोरच्या पैलवानाच्या वस्तादाला कळतं. मग तो त्याच जागी हात घालतो. आमच्या वस्तादांनी तर एक युक्तीच शिकवली होती. उजवा गुडघा दुखत असेल तर पट्टी डाव्याला बांधायची. समोरचा बिचारा चांगल्या गुडघ्यावर घाव घालत बसतो.

हे अंगात इतकं मुरलं की घरातही तेच. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी माझा डावा खांदा निखळला होता. सुमनला मी सांगितलं, मान अवघडलीय. तिनं आठ दिवस रोज तेल कोमट करून माझी मान चोळली आणि मी आठ दिवस मुकाट्यानं चांगली मान चोळून घेतली.

तर दोनेक वर्षांपूर्वी बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग सदऱ्याची बटणं लागेनात. मी सदरे सोडून गळ्यातून घालायच्या बंड्या वापरायला लागलो, उकडतंय म्हणून सांगितलं. तांब्या दोनदा हातातून सुटला, तेव्हा तांब्यालाच नावं ठेवली. पाय फाकून, सावरत चालायला लागलो. पैलवान तसाही छाती काढून, हात अंगापासून लांब धरून चालतो. गावात कुणाला काही वेगळं दिसलं नाही. उलट एकजण म्हणाला, "दादा, आजून चाल काय हाय तुमची!" मला बरं वाटलं.

डॉक्टरशी धरलेली कुस्ती

सुमनला मात्र दिसलं. तिनं रेखाला फोन केला आणि दोघींनी मला कराडच्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणजे तिशीची पोरगी. माझं मनगट जाड की तिचा दंड, असा प्रश्न पडावा. ती म्हणाली, "काका, माझा हात दाबा. आता कोपर वाकवून धरा, मी ओढते, तुम्ही ओढू द्यायचा नाही."

असं पैलवानाला म्हणायचं असतं का? तिनं हात ओढायला घेतला आणि माझ्या डोक्यात हलगीच वाजायला लागली. दंडात जोर नव्हता, ते मला कळत होतं. पण मी स्टुलावर पाय रोवले, खांदा पुढं घातला, अंगाचा भार टाकला आणि कोपर जागचं हललं नाही. बोटांना पकड नव्हती, तर मनगट वळवून तिची बोटं अशी अडकवली की तीच म्हणाली, "काका, सोडा, दुखतंय." तिनं डावा हात मागितला, मी बोलत बोलत उजवाच पुढं केला, कारण तो बरा होता. सरळ रेषेत चालायला सांगितलं तेव्हा पैतरा टाकत चाललो. बटणं लागतात का? लागतात. मुंग्या येतात का? कधी कधी, सगळ्यांनाच येतात.

तिनं लिहिलं की ताकद उत्तम आहे. जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तरी जाताना म्हणाली की काही वाढलं तर लगेच या. गाडीत बसल्यावर मी रेखाला म्हणालो, "बगितलंस? डाक्टरीन बी गार झाली." त्या पोरीची काडीची चूक नव्हती. तिच्यासमोर पेशंट आलाच नव्हता, पैलवान आला होता. चार महिने मी त्या गोळ्या खात फुशारकी मारत होतो, आणि मानेतली नस आत दबत चालली होती.

तो निकाल

त्यानंतर शेजारच्या गावची यात्रा आली. शेवटच्या तीन कुस्त्यांना मी पंच होतो. त्यातली एक विक्रमची. विक्रम कराडकडचा, पंचविशीचा, कुणाच्या आधाराशिवाय एकटा मैदानं मारणारा. म्हणजे माझ्याच जातकुळीचा, म्हणून तो मला जास्तच आवडायचा. त्या दिवशी त्याची जोड त्याच्याहून मोठ्या नावाच्या पैलवानाशी होती.

बारा-पंधरा मिनिटं कुस्ती चालली. मग त्या दुसऱ्यानं विक्रमला उलटा केला. विक्रमनं मानेवर पाठ तोलून धरली. धुरळा उठलेला, दोघांची अंगं एकमेकांत गुंतलेली, नुसत्या डोळ्यांना काही ठरवता येईना. अशा वेळी मी नेहमी करायचो तेच केलं. मातीवर आडवा झालो आणि उजवा पंजा विक्रमच्या पाठीखाली सरकवला. डोळे फसतात, पंजा फसत नाही, असं मी दहा वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो.

पंजाला काहीच कळेना. माती लागतेय का अंग लागतंय, वर मोकळं आहे का दाब आहे, काही नाही. हात कोपरापासून पुढं नव्हताच जणू. चारी बाजूंनी लोक ओरडत होते. एक शब्द बोलायचा होता, "मला कळत नाही, कुस्ती परत घ्या." तो माझ्या तोंडातून निघाला नाही. मी शिट्टी फुंकली आणि दुसऱ्याचा हात वर केला.

विक्रम उठला. अंगावरची माती झटकत माझ्याजवळ आला आणि फक्त एवढंच म्हणाला, "दादा, पाठ लागली न्हवती." मग माझ्या पायाला हात लावून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या कुणीतरी मोबाईलवर ती कुस्ती दाखवली. कुणा शहाण्यानं अगदी खाली बसून चित्रण केलं होतं. विक्रमच्या पाठीखाली चांगला दोन बोटं उजेड दिसत होता, आणि त्या उजेडात माझा पंजा होता.

मी ते तीनदा बघितलं. मग गोठ्यात सुमन धार काढत होती तिथं जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. बटणं, तांब्या, कराडची तपासणी, पंजा. बावीस वर्षांच्या कुस्तीत रडलो नव्हतो, तेव्हा रडलो. सुमन धार काढायची थांबली. मला वाटलं जवळ घेईल. ती म्हणाली, "मी काय तुमच्यासंगट कुस्ती धरलीया व्हय, माझ्यापास्नं लपवाया?"

मिरज

मिरजेच्या दवाखान्यात यंत्रात घालून मानेचे फोटो काढले. यंत्राची नळी अरुंद, माझे खांदे बसेनात. शेवटी हात वर बांधून, तिरका करून आत सरकवला. डोळे मिटून मी जोर-बैठकांचे आकडे म्हणत पडून राहिलो.

सर्जन पन्नाशीचे, कमी बोलणारे. माझे कान बघूनच त्यांनी विचारलं, "मान किती वर्षं अशी वापरलीत?"

"बावीस."

"मणके झिजून आतली मुख्य नस दाबली गेलीय. ऑपरेशन केलं नाही तर हात-पाय दोन्ही जातील. केलं तर आजार आहे तिथं थांबेल. गेलेलं किती परत येईल, ते मी सांगणार नाही. मला माहीत नाही."

"चालत मैदानात जाईन का, सायेब?"

"तसा शब्द देत नाही," ते म्हणाले.

खोटा धीर दिला नाही याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. मला भीती वाटली, हेही लिहून ठेवतो. तळहाताला घाम सुटला, आणि तो घामसुद्धा मला डोळ्यांनी बघून कळला.

ऑपरेशनच्या सकाळी मानेवरचे केस काढायला एक वॉर्डातले मामा आले. वस्तरा फिरवता फिरवता म्हणाले, "पैलवान, तुमाला मी आमच्या गावात बगितलंय. तुमी मानेवर हुता आन वर दोन म्हशीयेवढा गडी. आमी लहान हुतो, झाडावर बसून बगत हुतो." मग वस्तरा पुसला आणि हळूच मानेवर हात ठेवून म्हणाले, "लय काम केलंय हिनं. जरा इसावा घेऊ द्या आता." त्या एका वाक्यावर मी आत गेलो.

चमचा

शुद्धीवर आलो तेव्हा गळ्यात पट्टा, लघवीला नळी आणि दोन्ही हात दुसऱ्या कुणाचे तरी. पहिले दोन दिवस पाय हलले नाहीत. तिसऱ्या सकाळी उजव्या पायाचा अंगठा हलला, तर सुमननं सगळ्या वॉर्डाला बोलावून दाखवला. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात मला इतक्या कमी कामासाठी टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

खरं भांडण जेवणावरून झालं. एका वेळेला बारा भाकऱ्या खाणारा मी, आणि सुमन मला चमच्यानं पेज भरवणार. मी तोंड फिरवलं. दोन वेळचं जेवण परत गेलं. रेखा समजावून थकली. मुलगा तिकडं आसामात, फोनवर जवानाला हुकूम द्यावा तसा ओरडला. मी ऐकेना. तिसऱ्या वेळेला सुमननं वाटी खाली ठेवली.

"तुमाला काय वाटतं, मला हौस हाय? बावीस वरसं तुमी मैदानावनं आला की आदी तुमचं अंग बगायची, कुटं काय मोडलंय का. तुमी सांगत न्हवता, म्हनून बगायची. आता समदं उगडं पडलंय, तरीबी आडवं चाललायसा. खावा न्हाईतर मी जाते रेखाकडं."

ती खरंच पिशवी भरायला लागली. मी तोंड उघडलं. पेज गार झाली होती आणि तिच्यात मीठ कमी होतं, पण मी काही बोललो नाही. पेशंटच्या नातेवाइकांना एक सांगतो, अशा माणसाला गोंजारू नका. आणि पेशंटांना सांगतो, समोरची बाई तुमच्याहून जास्त दमलेली आहे. दवाखान्यातल्या वीस दिवसांत सुमन इतकी वाळली की बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या.

बिरू येतो

बिरू पैलवान आटपाडीकडचा, धनगराचा. मेंढरांमागं चालून कमावलेले पाय. आम्ही आठ वेळा लढलो. दोन त्यानं मारल्या, दोन मी, बाकीच्या बरोबरीत सुटल्या. तो डाळिंबांचा खोका खांद्यावर घेऊन वॉर्डात शिरला आणि नर्सनं हटकलं तर म्हणाला, "बाई, ह्यो माझा दुश्मन हाय. मला त्याला बगू द्या."

डाळिंब सोलून एकेक दाणा माझ्या तोंडात टाकत तो बसला. बोलता बोलता मी त्याला त्या निखळलेल्या खांद्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, त्या साली आपली कुस्ती होती, तुला कळलंसुद्धा नाही.

बिरू हसायला लागला. "आरं, मला आदल्या बाजारालाच कळालं हुतं! आटपाडीत समद्यांस्नी ठाव हुतं."

"मग तिकडं हात का घातला न्हाईस?"

"घातला की! लय घातला. तूच वरडला न्हाईस, म्या काय करू?"

इतका हसलो की मानेचे टाके दुखले. ज्याच्यापासून लपवलं त्याला माहीत होतं, आणि जिला कळायला हवं होतं ती चांगली मान चोळत बसली होती. मग मी त्याला विक्रमचं सांगितलं. बिरूचं हसू गेलं. दाणे सोलायचे थांबवून तो म्हणाला, "त्या पोराला फोन लाव. आत्ता."

सुमननं फोन लावून माझ्या कानाशी धरला. विक्रमनं आधी तब्येत विचारली. मी म्हणालो, "विक्रम, तुझी पाठ लागली न्हवती. माझा हात मेला हुता, मी कुनाला सांगितलं न्हाई."

तो म्हणाला, "मला सांगून काय उपेग, दादा? मला ठावंच हाय. ज्यांनी बगितलं त्यास्नी कोन सांगनार? आता कुटं बी गेलं की कमिटीवालं म्हनत्यात, ह्यो चितपट झालेला गडी, ह्याला खालची जोड लावा." शेवटी म्हणाला, "तब्येतीला जपा," आणि फोन ठेवला.

मला आधी राग आला. मरणाच्या दारातून आलेला माणूस माफी मागतोय आणि हा असं बोलतो! बिरू म्हणाला, "बरूबर बोलला त्यो. मैदानात बिघडलंय, मैदानातच सांगाय पायजे." त्या दिवशी माझं ठरलं. पुढच्या यात्रेला, त्याच आखाड्यात, स्वतःच्या पायांनी जायचं आणि सांगायचं. कुणी उचलून नेलं असतं तर लोकांना दया आली असती आणि दयेच्या भरात त्यांनी ऐकलं नसतं.

कणीक, हळकुंड आणि बांध

घरी आल्यावरचं वर्ष थोडक्यात सांगतो, कारण ते फार कंटाळवाणं होतं. सुमन रोज सकाळी कणकेचा गोळा देई, तो मी दाबत बसे. पहिल्या महिन्यात गोळ्यावर बोटांचे ठसेसुद्धा उमटत नसत. मग ती पिशवीत चार वस्तू घालून देई आणि मी डोळे मिटून, नुसत्या हातानं चाचपून ओळखायचं. किल्ली म्हणजे चमचा, चमचा म्हणजे लिंबू, असं चाललं होतं. एक दिवस हाताला काहीतरी खरबरीत, गाठीचं लागलं. मी म्हणालो, "हळकुंड." सुमननं पिशवी बघितली आणि पदर डोळ्यांना लावला.

पायांचं तसंच. आधी दारापर्यंत, मग गोठ्यापर्यंत, मग उसाच्या बांधापर्यंत. सुमन मागून प्लास्टिकची खुर्ची घेऊन चालायची, मी डुललो की ती माझ्याखाली सरकवायची. दोनदा पडलो. पडण्याची आमची प्रॅक्टिस चांगली, मान सांभाळून पडलो. गावातले काही जण बघून हळहळायचे, काही जण हसायचेही. मी काठी टेकत त्यांच्यासमोरूनच जायचो. आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि त्यात मोठी मोकळीक असते हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

कराडच्या त्या डॉक्टर पोरीकडंही गेलो आणि सगळं कबूल केलं. ती आधी लाल झाली, मग कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, "काका, तुमच्यापायी आता पैलवान आला की मी त्याला आधी आडवं झोपवते आणि मग तपासते." तिच्याकडं चहा घेऊन आलो.

यात्रा आठवड्यावर आली तेव्हा सुमन अडून बसली. आखाड्यातली माती भुसभुशीत, पडलो तर मान जाईल, वर्षाची मेहनत मातीत जाईल, असं तिचं म्हणणं. चुकीचं नव्हतं. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनं कपाटातून माझा पांढरा सदरा काढला, पुढं ठेवला आणि म्हणाली, "ह्याची बटनं तुमच्या हातानं लावा. लागली तर जावा. म्या बी येनार हाय."

पाच बटणं. पाऊण तास लागला.

चाळीस पावलं

कमिटीनं माझा सत्कार ठेवला होता. अध्यक्ष म्हणाले, "दादा, गाडीतच बसा, आमी तितं येऊन फेटा बांदतो." मी नको म्हणालो. कडेला चपला काढल्या. सुमन बायकांच्या घोळक्यात पुढं येऊन उभी राहिली, हातात तीच प्लास्टिकची खुर्ची. बिरू माझ्या डाव्या बाजूनं चालला, पण त्यानं हात लावला नाही. हलगी थांबली होती. आखाड्याच्या मध्यापर्यंत चाळीस पावलं असतील. तळव्यांना माती अर्धीच कळत होती, म्हणून प्रत्येक पाऊल बघून टाकलं. पोचलो.

अध्यक्षांनी भगवा फेटा बांधला. निवेदकानं माईक तोंडासमोर धरला आणि आजारावर मात केलेले वगैरे सुरू केलं. मी त्याला थांबवलं.

"मंडळी," मी म्हणालो, "गेल्या साली ह्याच मातीत विक्रमची पाठ लागली असा निकाल मी दिला. पाठ लागली न्हवती. माझा हात बधिर हुता, मला काय कळत न्हवतं, आन ते सांगायची मला लाज वाटली. चितपट माझी झालीया, त्याची न्हाई."

मागून कुणीतरी ओरडला, "मग आता सांगताय व्हय? वरीस झालं!"

"व्हय," मी म्हणालो, "वरसानं सांगतोय. उशीर झाला."

खालच्या जोडीत लढायच्या पैलवानांच्या रांगेत विक्रम लंगोट लावून उभा होता. मी त्याला हाक मारली. तो येईना. बाकीच्यांनी ढकलला तेव्हा आला. मी डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी उचलला. तेवढं मला जमत होतं. पण माझे हात माझ्या डोक्याच्या वर जात नाहीत, आणि विक्रम माझ्याहून वीतभर उंच. फेटा हातात धरून मी त्याच्यासमोर उभा राहिलो. पुढं काय करावं ते कळेना, आणि हजारो माणसं बघत होती.

सांगायला मला आता लाज वाटत नव्हती. मी म्हणालो, "विक्रम, माझं हात ह्याच्यावर जात न्हाईत."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग तो मातीत गुडघ्यावर बसला आणि मान पुढं केली.

"सावकाश, दादा," तो म्हणाला. "मी हाय हितंच."